पानावर हरवणाऱ्या मुलासाठी बीजगणिताचा अभ्यासक्रम कसा निवडावा

“तीन क्ष वजा पाच बरोबर सोळा. क्ष किती?” कपड्यांच्या घड्या घालता घालता मी सहज विचारलं. “सात,” मुलगा म्हणाला. हातातल्या शर्टाची दुसरी बाही दुमडून व्हायच्या आत.

आदल्या दिवशी हेच समीकरण पुस्तकातून वहीत उतरवताना त्याने वजाचं अधिक केलं होतं. मग तीन क्ष बरोबर अकरा, मग अपूर्णांक, मग खाडाखोड, आणि शेवटी “आई, मला गणित येतच नाही” म्हणून वही मिटून बसला होता. घडी तशीच हातात धरून मी आणखी चार समीकरणं तोंडी घातली. चारही बरोबर आली. त्याला अडतंय ते बीजगणित नाही, बीजगणिताचं पान आहे, हे मला त्या संध्याकाळी कळलं.

मी गेली अठरा वर्षं पुस्तकांची मांडणी करते. समास किती, ओळींमध्ये अंतर किती, तक्ता कुठे बसवायचा, हेच माझं रोजचं काम. तरी घरातल्या पुस्तकाकडे मी त्या नजरेने पाहिलंच नव्हतं. “सविस्तर आहे, रंगीत आहे, सराव भरपूर आहे” एवढं बघून वर्षभराचा सगळा संच एकदम घेतला होता. तो सहा आठवड्यांत बाजूला पडला. घरी शिकवणाऱ्या दुसऱ्या आईबाबांवर तशी वेळ येऊ नये, म्हणून निवड करताना काय आणि कोणत्या क्रमाने पाहायचं ते लिहिते आहे.

आधी अडचणीचं नाव, मग पुस्तकाचं

पानावर असं हरवण्याला दृश्य प्रक्रियेतली अडचण म्हणतात. ती म्हणजे नजर कमी असणं नव्हे. तक्त्यावरची शेवटची ओळ मूल घडाघडा वाचतं, पण डोळ्यांनी टिपलेलं मेंदूत जुळवताना घोळ होतो. म्हणून पहिली पायरी नेत्रतज्ज्ञांकडची. लांबचं, जवळचं, आणि जवळ पाहताना दोन्ही डोळे एकत्र काम करतात की नाही, हे तिन्ही तपासून घ्या. त्यात काही सापडलं तर त्याच्यावर वेगळा उपचार असतो. डोळे ठीक निघाले तर शैक्षणिक मानसशास्त्रज्ञ किंवा ऑक्युपेशनल थेरपिस्ट यांच्याकडून सविस्तर मूल्यमापन करून घ्या, आणि अहवाल लेखी मागा. पुढे परीक्षेत जास्त वेळ, मोठा टाइप किंवा वाचून दाखवणारी व्यक्ती मागायची असेल तर तो कागद लागतो.

एक सावधगिरी. रंगीत चष्मे, रंगीत फिल्म, डोळ्यांचे व्यायाम यांनी शिकण्यातली अडचण दूर होते असं सांगणारे पुष्कळ भेटतात. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या आणि नेत्रतज्ज्ञांच्या संघटनांनी २००९ साली संयुक्त निवेदन काढून, याला पुरेसा शास्त्रीय आधार नाही असं स्पष्ट म्हटलं आहे. तो पैसा आणि त्याहून मोलाचा तो वेळ अभ्यासाची मांडणी सुधारण्यात घाला.

अहवाल हातात येईपर्यंत बसून राहू नका. दोन आठवडे चुकांची वही ठेवा. उत्तर चूक की बरोबर हे त्यात लिहायचं नाही. चूक नेमकी कुठल्या क्षणी झाली ते लिहायचं. मी पाच रकाने आखले होते: उतरवताना चुकलं, चिन्ह सुटलं, ओळ चुकली (चौथ्या गणिताची डावी बाजू आणि पाचव्याची उजवी), घातांक खाली उतरला (क्ष² चं २क्ष झालं), आणि शेवटचा रकाना, बीजगणितच समजलं नाही. चौदा दिवसांत ४१ चुका नोंदल्या. उतरवताना १७, चिन्हाच्या ११, ओळीच्या ६, घातांकाच्या ४. शेवटच्या रकान्यात फक्त ३.

तुमच्या मुलाची वही वेगळी निघेल. शेवटचा रकानाच भरलेला असेल तर समजावण्याची पद्धत बदलायला हवी, पानाची मांडणी नंतर पाहता येईल. ओळीच्या चुका जास्त असतील तर एका पानावर किती गणितं आहेत हा पहिला निकष. उतरवतानाच्या चुका जास्त असतील तर पुस्तकातच सोडवायची सोय हवी, वेगळी वही नको. म्हणजे ही वही हीच तुमची खरेदीची यादी आहे.

सोबत एक चाचणी करा. सारख्या अवघडपणाची पंधरा समीकरणं काढा. पाच छापील पानावरून, पाच एकेका कोऱ्या कागदावर मोठ्या अक्षरात, पाच तोंडी. तिन्हींत जमीनअस्मानाचा फरक पडला तर मुलाला तो निकाल दाखवा. माझ्या मुलाने ते तीन कागद शेजारी शेजारी ठेवले, बराच वेळ पाहिले आणि विचारलं, “म्हणजे मी ढ नाहीये?” या प्रश्नासाठी तरी ही चाचणी प्रत्येक घरात व्हावी असं मला वाटतं.

पान तपासताना

इथे मी थोडी रेंगाळणार आहे, कारण हे माझं क्षेत्र आहे आणि अभ्यासक्रमाची माहिती देणारे लोक याबद्दल बोलत नाहीत.

नमुन्याचं पान मिळालं की पहिला धडा पाहू नका. पहिला धडा सगळ्यांचाच ऐसपैस असतो. पुस्तकाच्या दोन-तृतीयांश भागातलं, बहुपदींच्या गुणाकाराचं किंवा अवयवांचं सरावाचं पान मागा. जागेची काटकसर तिथे सुरू होते.

वजाचं चिन्ह पाहा. नीट मांडलेल्या गणिताच्या पुस्तकात वजाची रेघ अधिकाच्या आडव्या रेघेइतकीच रुंद असते आणि दोन्ही बाजूंना थोडी मोकळी जागा असते. घाईच्या मांडणीत त्या जागी जोडशब्दात वापरतात ती आखूड रेघ टाकलेली असते, आकड्याला चिकटून. सरावलेल्या डोळ्याला फरक जाणवत नाही. माझ्या मुलाच्या अकरा चिन्हचुकांपैकी आठ अशा आखूड रेघेच्या होत्या. मी पानं पुन्हा उघडून मोजल्या.

घातांक पाहा. मजकूर १० पॉइंटचा असेल तर घातांक साधारण ७ पॉइंटचा असतो. म्हणजे मजकूर वाचता येतो म्हणून घातांक वाचता येईल असं नाही. आमच्याकडे मजकूर १६ पॉइंटच्या आसपास गेला तेव्हा घातांकाच्या चुका जवळपास थांबल्या. छापील पुस्तकात हे हातात नसतं, पण फाइल मोठी करून छापता येत असेल तर असतं.

अक्षरांचे आकार पाहा. बहुतेक पुस्तकांत अज्ञातासाठी इंग्रजी एक्स असतो, आणि गुणाकाराची फुली अगदी तशीच दिसते. चांगला अभ्यासक्रम दुसऱ्या-तिसऱ्या धड्यातच फुली सोडून टिंब किंवा कंस वापरू लागतो. मराठी आकड्यांत ३ आणि ६ ही आरशातली जोडी आहे, इंग्रजी आकड्यांत सहा आणि नऊ एकमेकांचे उलटे. मूल कुठल्या आकड्यांत कमी अडखळतं ते पाहा आणि त्याच आकड्यांचं साहित्य घ्या. दोन्ही एका वर्षात नकोत.

मग पूर्ण पान हातभर लांब धरा. नजर आधी कुठे जाते? बाजूच्या चौकटीतल्या “तुम्हाला माहीत आहे का” कडे, कोपऱ्यातल्या हसऱ्या पेन्सिलीच्या चित्राकडे, राखाडी पट्ट्यावरच्या सूचनेकडे, की गणिताकडे? गणिताकडे जात नसेल तर ते पुस्तक परत करा. मुलांना आवडावं म्हणून केलेली ही सजावट आमच्यासारख्या घरात रोज अर्धा तास खाते. काळ्या शाईतलं, साधं, ऐसपैस, कंटाळवाणं दिसणारं पान या मुलांना मोठा आधार देतं. एका पानावर सहा ते आठ गणितं, प्रत्येकाखाली सोडवायला जागा, समीकरण मध्येच तुटून खालच्या ओळीत न गेलेलं, आणि सोडवलेलं उदाहरण सरावाच्या गणितांसमोरच. पान उलटून मागे पाहावं लागलं की उदाहरण डोक्यातून गेलंच म्हणून समजा.

संगणकावरचं साहित्य असेल तर समीकरणावर बोट किंवा माउस ओढून ते निवडता येतं का पाहा. मोठं केल्यावर अक्षरं धारदार राहतात की फुटतात? फुटत असतील तर समीकरणाचा फोटो डकवलेला आहे. तो मोठा होणार नाही, रंग बदलणार नाही, आणि वाचून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरला दिसणारही नाही. समीकरणं मॅथएमएल या पद्धतीत लिहिलेली असतील तर एनव्हीडीएसारखं विनामूल्य सॉफ्टवेअर, लागल्यास योग्य जोड बसवून, ती वाचून दाखवतं. विकणाऱ्याला सरळ विचारा: समीकरणं चित्र आहेत की मजकूर? उत्तर देता आलं नाही तर ते चित्रच असतं, असा माझा अनुभव.

डोळे मिटून ऐका

व्हिडिओवर चालणारे अभ्यासक्रम या मुलांना चांगले, असा सल्ला सगळेच देतात. तो अर्धाच खरा आहे. व्हिडिओतले शिक्षक “हे इकडून असं आलं, मग याला याने भागलं” असं म्हणत असतील तर कानाला काहीही मिळत नाही. सगळा भार पुन्हा डोळ्यांवर.

यासाठी मी एक चाचणी करते. व्हिडिओ लावून पडदा झाकायचा आणि ऐकून ऐकून समीकरण कागदावर लिहायचं. दहा मिनिटांच्या धड्यातल्या सगळ्या पायऱ्या लिहिता आल्या तर अभ्यासक्रम पास. “दोन्ही बाजूंमधून चार वजा करू. डाव्या बाजूला उरले तीन क्ष, उजवीकडे पंधरा” असं बोलणारे शिक्षक सापडले की त्यांना सोडू नका. मी पाच नमुने ऐकले, त्यांतला एकच पास झाला.

घरी वाचून दाखवतानाही हीच शिस्त लागते. “क्ष अधिक एकचा वर्ग” म्हणजे काय? फक्त एकचा वर्ग, की सगळ्याचा? “एक भागिले क्ष अधिक दोन” मध्ये अधिक दोन छेदात आहे की बाहेर? मराठीत बोलताना आपण सूर बदलून हे सांगतो, आणि मुलाला सूर कळेलच असं नाही. आम्ही ठरवून टाकलं: “कंस सुरू, क्ष अधिक एक, कंस बंद, पूर्ण वर्ग.” “अंशात एक. छेदात क्ष अधिक दोन. अपूर्णांक संपला.” पहिले चार दिवस फार लांबण वाटली. नंतर तोच वाचताना असं म्हणू लागला, आणि कंस विसरणं थांबलं.

पद्धत कशी आहे ते पाहा

आपल्यापैकी बहुतेक जण पक्षांतर शिकलो. इकडचं तिकडे नेलं की अधिकचं वजा होतं. सवयीच्या माणसाला ते पटकन होतं, पण ज्याला जागेचंच भान राखता येत नाही त्याच्यासाठी हा नियम म्हणजे उडी. आकडा उडाला, वाटेत चिन्ह बदललं, आणि तो कुठे उतरला ते दिसलंच नाही. तुम्ही पाहत असलेला अभ्यासक्रम पहिल्या महिन्यात पक्षांतर शिकवत असेल तर मी तो घेणार नाही. दोन्ही बाजूंना तेच करा, आणि काय केलं ते प्रत्येक ओळीखाली लिहा, अशी पद्धत हवी.

५क्ष + ४ = २क्ष + १९
दोन्ही बाजूंतून २क्ष वजा
३क्ष + ४ = १९
दोन्ही बाजूंतून ४ वजा
३क्ष = १५
दोन्ही बाजूंना ३ ने भाग
क्ष = ५

मग ताळा: डावीकडे पंचवीस अधिक चार, एकोणतीस, उजवीकडे दहा अधिक एकोणीस, एकोणतीस. ताळा प्रत्येक गणिताचा अनिवार्य भाग मानणारा अभ्यासक्रम निवडा. या मुलांची चूक बहुतेकदा विचारात नसते, उतरवण्यात असते, आणि ताळ्यात ती त्यांची त्यांनाच सापडते. आईने लाल पेनाने दाखवण्यापेक्षा ते कितीतरी बरं.

मुलाला एकदा मी सांगितलं की अल्-ख्वारिझ्मी या गणितज्ञांनी नवव्या शतकात बीजगणितावर ग्रंथ लिहिला तेव्हा त्यात एकही चिन्ह नव्हतं. सगळी समीकरणं वाक्यांत, आकडेसुद्धा शब्दांत. बरोबरचं आजचं चिन्ह तर रॉबर्ट रेकॉर्ड या गणितज्ञांनी १५५७ साली वापरात आणलं. त्याआधीही लोक समीकरणं सोडवतच होते. हे ऐकून तो ताठ बसला. तेव्हापासून गणित अडलं की तो आधी ते वाक्यात लिहितो. “एका संख्येची पाचपट आणि वर चार, हे त्याच संख्येच्या दुपटीपेक्षा एकोणीसने जास्त.” शब्दांतून समीकरणाकडे आणि समीकरणातून शब्दांकडे जाण्याचा सराव अभ्यासक्रमात किती आहे तेही मोजा. जितका जास्त तितकं चांगलं.

हातात घ्यायच्या वस्तूंबद्दल थोडं सविस्तर सांगते. मोठा चौरस म्हणजे क्ष², लांब पट्टी म्हणजे क्ष, लहान चौरस म्हणजे १, असे तुकडे बऱ्याच अभ्यासक्रमांसोबत येतात. चांगल्या संचात पट्टीची लांबी लहान चौरसांच्या पूर्ण पटीत नसते; चौरस लावून मोजायला गेलं तर शेवटचा चौरस बाहेर येतो किंवा फट राहते. हे मुद्दाम केलेलं असतं, म्हणजे “क्ष म्हणजे पाच” अशी गाठ मुलाच्या मनात बसत नाही. घरी पुठ्ठ्याचे करणार असाल आणि लहान चौरस एक सेंटिमीटरचा असेल तर पट्टी पाच सेंटिमीटर न कापता पाच सेंटिमीटर तीन मिलिमीटर कापा. तुकडे जाड असू द्या, बोटांना कळतील असे.

पुष्कळ अभ्यासक्रम “आधी वस्तू, मग चित्र, मग चिन्ह” या क्रमाने जातात. क्रम चांगला आहे, पण आमची गाडी मधल्या पायरीवर अडली. तुकडे हातात असताना सगळं कळायचं, समीकरण लिहिलं की कळायचं, आणि तुकड्यांची चित्रं छापलेली आली की तो हरवायचा. पट्ट्यांच्या त्या रेघोट्या मोजता मोजता कितवी पट्टी हेच विसरायचा. तुमच्याकडे असं झालं तर चित्रांची पानं निःशंक गाळा. ती गाळल्यावर पुढचं समजेल अशी रचना आहे का, ते घेण्याआधी पाहा. तुकड्यांनाही मर्यादा आहेच. ऋण संख्यांचा गुणाकार तुकड्यांवर दाखवायला गेलं की घोळ वाढतो. तिथे आम्ही ते बाजूला ठेवले.

गुणाकाराची पद्धतही पाहून घ्या. (क्ष + ३)(क्ष + ५) शिकवताना वरून कमानदार बाण काढतात, पहिल्याचा पहिल्याशी, बाहेरच्याचा बाहेरच्याशी. एकमेकांना छेदणारे ते चार बाण माझ्या मुलाला जाळं वाटायचे. त्याऐवजी चौकट: चार खोल्यांचं घर, वर क्ष आणि ५, बाजूला क्ष आणि ३. खोल्यांत क्ष², ५क्ष, ३क्ष, १५. मधले दोन मिळवले की क्ष² + ८क्ष + १५. प्रत्येक गुणाकाराला स्वतःची खोली, त्यामुळे काही सुटत नाही. आणि अवयव पाडताना तेच घर उलट्या दिशेने भरता येतं. चौकट वापरणारा अभ्यासक्रम मिळाला तर इतर चार उणिवा मी पोटात घालीन.

रंगांबद्दल मला भास्कराचार्यांची आठवण येते. ११५० सालच्या त्यांच्या ‘बीजगणित’ ग्रंथात पहिल्या अज्ञाताला यावत्तावत् म्हटलं आहे आणि पुढच्यांना कालक, नीलक, पीतक. म्हणजे काळा, निळा, पिवळा. लिहायला या, का, नी, पी ही आद्याक्षरं. ऋण संख्येच्या डोक्यावर ते टिंब देत. सजातीय पदं ओळखायला आम्ही रंगच वापरतो: क्ष ची पदं निळ्याने, सुटे आकडे काळ्याने. वजाचं चिन्ह मात्र पुढच्या पदासकट एकाच गोलात घ्यायचं, कारण चिन्ह त्या पदाचं आहे. दोनच रंग. तिसरा आला की पुन्हा पसारा. मुलाला रंग ओळखायला अडचण नाही ना, हे आधी पाहून घ्या. अभ्यासक्रमानेच रंग उधळले असतील तर तुमच्या रंगांना अर्थ उरत नाही, म्हणून छपाई काळी असलेली बरी.

एकच विषय पक्का, की सगळ्याची सरमिसळ

काही अभ्यासक्रम एक प्रकार पूर्ण पक्का करून मगच पुढे जातात. काही रोजच्या सरावात मागचे दहा प्रकार मिसळतात. मिसळलेला सराव लक्षात राहायला चांगला, हे मलाही मान्य आहे. पण प्रत्येक गणिताला नवा आकार, नवी सूचना आली की पाहण्यातच शक्ती संपते. आम्ही एका वेळी एक प्रकार पक्का करणारा घेतला आणि मागच्या धड्यांतली तीन गणितं रोज तोंडी घेतो. गणितं कमी करायला घाबरू नका. वीसपैकी सम क्रमांकाची सोडली तरी चालतं. मात्र त्यासाठी सोपी-अवघड गणितं नीट चढत्या क्रमाने लावलेली हवीत; एकदम उडी मारणाऱ्या संचात अशी काटछाट करता येत नाही. उत्तरांच्या पुस्तकात नुसती उत्तरं नकोत, प्रत्येक पायरी हवी. रात्री थकलेल्या आईला कुठली ओळ घसरली ते शोधायचं असतं.

आलेखांचा भाग सगळ्यात कठीण, आणि त्यावरून अभ्यासक्रम नाकारावा इतका महत्त्वाचा. काही पुस्तकांत रेषीय समीकरणांची ओळखच आलेखातून होते. फिकट राखाडी जाळी, दोन अक्ष, त्यावर तीन रेषा, आणि “कोणती रेषा कोणत्या समीकरणाची?” या मुलांसाठी ते दार बंदच. आधी किमतींचा तक्ता, मग समीकरण, मग आलेख असा क्रम असेल तर आलेख शेवटी पडताळा म्हणून येतो आणि झेपतो. एका आकृतीत एकच रेषा हवी. आमच्याकडे मऊ फळ्यावर मोठी जाळी चिकटवली आहे. टाचण्या टोचायच्या आणि दोऱ्याने जोडायच्या. चढ म्हणजे बोटांनी मोजायचं: एक घर उजवीकडे, दोन घरं वर, टाचणी. डेस्मॉसच्या आलेख काढण्याच्या साधनात रेषा आवाजातून ऐकण्याची सोय आहे. वर चढली की सूर चढतो. वर्गसमीकरणाचा आलेख त्याने पहिल्यांदा ऐकला. सूर खाली आला, तळाशी वळला, पुन्हा वर गेला. मग त्याने तो हवेत बोटाने काढून दाखवला.

घेण्याआधी दोन आठवडे

यादी दोन-तीन नावांवर आली की नमुन्याचे धडे मागा आणि खरोखर शिकवून पाहा. पहिल्या आठवड्यात एक, दुसऱ्यात दुसरा. मुलाला माहीत असलेला विषय घेऊ नका, नवा घ्या. दोन्हींची चुकांची वही वेगळी ठेवा. किती मिनिटांनी डोळे चोळायला लागला, किती वेळा बोट ठेवून ओळ शोधली, धडा संपल्यावर पुस्तक मिटून “आज काय शिकलास?” याचं उत्तर त्याला देता आलं का, एवढं टिपा. गुणांकडे पाहू नका. आमच्याकडे ज्यात गुण जास्त पडले त्यात तो बाविसाव्या मिनिटाला थकला होता, आणि दुसऱ्यात चाळीस मिनिटं टिकला. आम्ही दुसरा घेतला.

शेवटचं मत मुलाचं. “कुठलं सोपं वाटलं?” असं विचारू नका, “कुठल्या पानावर तू हरवला नाहीस?” असं विचारा. पुढे परीक्षेला बसायचं असेल तर तिथल्या अभ्यासक्रमाशी धड्यांची यादी एकदा ताडून पाहा. सुटलेला एखादा विषय मागून घेता येतो. आणि घेताना पहिलं सत्र किंवा पहिला भागच घ्या.

निवड झाल्यावरही पान तसंच्या तसं क्वचितच वापरता येतं. जाड काळ्या कागदाला एका गणिताएवढी खिडकी कापली की बाकीचं पान झाकलं जातं. आखीव वही आडवी धरली की रेघांचे उभे रकाने होतात आणि बरोबरचं चिन्ह बरोबरच्या चिन्हाखाली बसतं. वहीत आम्ही एक सेंटिमीटरच्या चौकटी वापरतो. एका घरात एकच खूण, आणि वजालाही स्वतःचं घर.

सध्या एकसामयिक समीकरणं चालू आहेत, दिवसाला चार. काल तिसऱ्या गणिताच्या ताळ्याला दोन्ही बाजू जुळल्या नाहीत. तो खिडकी एकेक ओळ वर सरकवत गेला, दुसऱ्या ओळीवर थांबला आणि म्हणाला, “आई, इथे वजाचं घर रिकामं राहिलंय.” त्याने ते भरलं आणि खालच्या ओळी पुन्हा लिहायला घेतल्या.